अर्थिंगवरचं मडकं

हात मागे आला तो दत्तोपंतांना विचारून आला नाही. नव्या कॉम्प्युटरच्या पाठीतली वायर नीट बसली आहे का, एवढंच पाहायला ते वाकले होते आणि आधारासाठी त्यांनी तीन बोटं लोखंडी पेटीवर टेकवली होती. तोच मुंग्यांची एक रांग बोटांतून निघाली, मनगटावरून कोपरापर्यंत धावली, तिथं जरा घोटाळली आणि विझून गेली. चिमटा म्हणावा तर त्याहून थोडं अधिक, झटका म्हणावा तर ऐकणारा हसेल इतकं कमी. हाताला काहीसुद्धा झालं नव्हतं. पण जिभेच्या शेंड्यावर पितळेची चव आली होती, आणि ती चव काही आजची नव्हती.

"चावली न जी सर?" दारातून शालिकराम शिपाई म्हणाला. त्याच्या आवाजात काळजीपेक्षा समाधान जास्त होतं. "सकाळी फडकं मारून राहिलो होतो, तं मलेही चावली. मी म्हटलं, नवीन आहे, वळख नसन आपली."

"काही नाही. पाय अडखळला माझा," दत्तोपंत म्हणाले. पाय तर जागच्या जागीच होता, उघडा, गार फरशीवर नीट रोवलेला. जन्मभर गणित शिकवणाऱ्या माणसाला आपलं खोटं स्वतःपुरतं तरी लगेच कळतं. खिडकीपाशी उभ्या असलेल्या प्रेमलता गजभिये यांनाही ते कळलं असावं. त्या पदार्थविज्ञान शिकवत, दत्तोपंतांहून वीस-एक वर्षांनी लहान, आणि माणसाकडे त्या अशा पाहत की त्याचं तापमान मोजलं जातंय असं वाटावं. "सर, तुम्ही एकदम पांढरे पडले," एवढंच त्या म्हणाल्या आणि खिडकीतल्या कूलरचा वारा अंगावर घेत उभ्या राहिल्या. कूलर आपला घुमत होता. त्याच्या खसच्या ताट्यांवरून पाणी झिरपत होतं, वैशाखातल्या नागपुरात त्या एका खोलीत तेवढा श्रावण होता, आणि दत्तोपंत त्या श्रावणात उभे राहून घामाघूम झाले होते.

त्या चवीला वास होता, उन्हाचा रंग होता. नागपूरच्या महाल भागातलं राममंदिर, रामनवमीची सकाळ, मांडवाखालच्या जमिनीवर ताजा सडा. दत्तू चौदा वर्षांचा. बाबा कीर्तनकार, मूळचे खापा गावचे. त्यांच्या मागं उभं राहून झांज वाजवता वाजवता पोराचा गळा तयार झाला, तेव्हा बाबांनी ठरवलं की यंदा नमन आणि पूर्वरंग दत्तू करील, आख्यान आणि रामजन्म मी करीन. नमन झालं. निरूपणाला दत्तूनं अशी सुरुवात केली की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. नागपुरात माइक तेव्हा नवा नवाच होता. लोखंडी दांड्यावर चाळणीसारखं तोंड. दत्तू चढ्या सुरात पुढं झुकला, हातातल्या चिपळ्यांचं पितळ त्या दांड्याला लागलं, ओठ त्या चाळणीला लागले, आणि अंगात जे काही धावलं त्याला त्याच्याकडं तेव्हा नाव नव्हतं. चिपळ्या खाली पडल्या. गळ्यातला सूर कुणीतरी मागून ओढून घ्यावा तसा गेला. हजारभर डोळे समोर आणि तोंडात पितळेची चव. विजेचा झटका हे पुढं कॉलेजात शिकल्यावर कळलं, नाही असं नाही. पण त्या क्षणी चौदा वर्षांच्या पोराला जे कळलं ते वेगळंच होतं. त्याला वाटलं, देवानं नको म्हटलं. आणि एकदा कळलेली गोष्ट मागाहून आलेल्या शहाणपणानं पुसली जात नाही. फळ्यावरचं आधीचं उदाहरण ओल्या कपड्यानं पुसावं आणि वाळल्यावर ते पांढुरकं पुन्हा दिसावं, तसं ते राहतं. त्या दिवसानंतर दत्तोपंत कीर्तन ऐकायला गेले ते पहिल्या रांगेत. उभे मात्र कधी राहिले नाहीत. वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवत, गॅदरिंगला आभाराचे दोन शब्द बोलायची पाळी आली की त्यांचा घसा बसे. लोक त्यांना अबोल समजत. त्यांच्या मनात अष्टौप्रहर टाळ वाजत असतात हे फक्त सुमतीबाईंना, त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं.

आणि ही मशीनं तर त्यांनी किती हौसेनं आणली होती. कॉलेजात आधी तीन जुने कॉम्प्युटर होते, टीव्हीला जोडायचे. त्यांच्यात प्रोग्राम घालायचा तो टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून. कॅसेट किंचाळायची आणि चाळीस पोरं ते किंचाळणं हात जोडल्यासारखी ऐकत बसायची, कारण मध्येच कुणी खोकलं तरी प्रोग्राम बिघडतो अशी शालिकरामनं अफवा उठवली होती. यंदा संस्थेनं नव्यांसाठी पैसे मंजूर केले, पण बेताचे. त्यात एक नवं मशीन आणि त्याच्यासाठी एअरकंडिशनर बसत होता. किंवा दोन मशीनं, आणि थंडाव्याचं तुमचं तुम्ही बघा. मीटिंगमध्ये सगळ्यांचा कल एसीकडं होता. कॉम्प्युटरला थंडी लागते हे सगळ्यांनी कुठं ना कुठं वाचलं होतं. दत्तोपंत आयुष्यात मीटिंगमध्ये बोलले नव्हते. त्या दिवशी टेबलाकडे बघत बोलले, "थंडावा कूलरनंही येतो. दुसरं मशीन कूलरनं येत नाही." आणि बसले. इतकं छोटं भाषण संस्थेत कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळं ते मंजूर झालं. मग ते आणि शालिकराम टेम्पो घेऊन शहराबाहेर वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात गेले. तिथं त्यांची खोकी सायकलींच्या चाकांखाली दबलेली होती. परत येताना टेम्पोनं खड्ड्यात उडी मारली की दत्तोपंत खोकं पोटाशी धरत आणि शालिकराम म्हणे, "सर, लेकराले धरल्यावानी धरलं तुम्ही." खोली त्यांनी स्वतः झाडून घेतली. धूळ आत जाऊ नये म्हणून दारावर पाटी लावली, 'पादत्राणे बाहेर'. धूळ हे खरं कारण होतंच. पण जिथं काही शिकायचं तिथं माणसानं अनवाणी जावं, हे त्याच्या आतलं कारण होतं, आणि ते पाटीवर लिहिण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांत मशीननं प्राचार्यांना चावून घेतलं, हेडक्लार्कला चावून घेतलं, आणि बातमी संस्थेचे सचिव गोपाळराव यांच्यापर्यंत गेली. गोपाळराव संत्र्यांचे आडते. पेटी उघडल्याशिवाय वासावरून आतलं फळ सांगणारा माणूस. ते कॉलेजात आले, पण खोलीत शिरले नाहीत, व्हरांड्यातूनच बोलले. "देखो वझलवार सर, तुमच्या शब्दावर आपण दोन मशिनी घेतल्या. आता त्या लोकायले करंट मारून राहिल्या. मी सोमवारी तीन वाजता येतो. हात लावून पाहतो. मले चावली, तं एक मशीन वापस करू, त्या पैशात एसी लावू, आणि राहिलेली मशीन प्राचार्यांच्या खोलीत काचेच्या दाराआड. पोट्टे बाहेरून पाहतील. काही कमी नाही होत पाहून."

"काचेतून प्रोग्राम लिहिता येत नाही," दत्तोपंत म्हणाले, म्हणजे म्हणायचं होतं. ओठ हलले, आवाज आला नाही. गोपाळराव तोवर जिन्यापर्यंत गेले होते.

काचेच्या दाराआडचं मशीन त्यांना दिसत राहिलं. घरी ताटावर बसले तरी दिसे. काचेवर टेकलेली नाकं, काचेवर उमटलेली बोटं, आत प्राचार्यांची टोपी मशीनवर ठेवलेली. देव गाभाऱ्यात आणि माणसं उंबऱ्याबाहेर, हा हिशोब दत्तोपंतांना लहानपणापासून कधी पटला नव्हता. म्हणून तर त्यांना कीर्तन आवडे, त्यात देव मांडवात येऊन माणसांत बसतो. आणि तरीसुद्धा, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आपण स्वतः त्या मशीनला आता हात लावत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पोरांना सराव द्यायचा तर चप्पल घालून बसवत, पाटी उलटी करून ठेवत, आणि स्वतः टेबलापासून हातभर लांब उभे राहून लाकडी फूटपट्टीच्या टोकानं एकेक बटण दाबत. देवकी नावाची बी.एस्सी.ची एक मुलगी, लांब वेणीची आणि तिखट जिभेची, मैत्रिणीला म्हणालीच, "सर मशीनले मारून राहिले का शिकवून राहिले, काही समजत नाही बापा." दत्तोपंतांनी ऐकलं आणि त्यांना हसू आलं. हसता हसता ते मनात मोजू लागले. कूलरची कल्पना आपली. पाटी आपली. अनवाणी पायही आपलेच. देवानं दुसऱ्यांदा नको म्हटलं असेल तर?

शुक्रवारी गजभिये मॅडम प्रयोगशाळेतला मीटर घेऊन आल्या. त्याची एक तार त्यांनी कॉम्प्युटरच्या लोखंडाला लावली, दुसरी नळाच्या पाइपाला, आणि काटा उठून उभा राहिला. "कूलर बंद करा," त्या शालिकरामला म्हणाल्या. काटा बसला. "चालू करा." काटा पुन्हा उभा. दत्तोपंत तो काटा असा पाहत होते की जणू तो त्यांच्याच नावापुढं फुली मारतोय.

"म्हणजे कूलरच," ते म्हणाले. "माझीच चूक."

"कूलरचा पंप थोडासा गळून राहिला करंट, हे खरं. पण सर, नागपुरात कोणता कूलर चावत नाही? माझ्या आईच्या घरी आम्ही त्याच्यात पाणी टाकायच्या आधी प्लग काढतो, जसं कुत्र्याला बांधून मग पाहुण्यांना आत घेतात." त्या खाली बसून भिंतीतल्या तारेमागं सरकत चालल्या होत्या. "पंप बदलू. पण उद्या दुसरं काही गळेल. गळलेला करंट जमिनीत जायला पाहिजे, त्याच्यासाठीच अर्थिंग असते. इथं तो जमिनीत नाही जाऊन राहिला. एकाच तारेवर सगळं बांधलं, म्हणून कूलरचा करंट फिरून कॉम्प्युटरमध्ये येते. आणि आपण ओल्या फरशीवर अनवाणी उभे. करंटला वाटते, चला, रस्ता सापडला."

तार भिंतीतून बाहेर पडून इमारतीच्या मागं गेली होती. तिच्या मागोमाग ते तिघं गेले. तिथं भर उन्हात, नळाच्या शेजारी, घाणेरीच्या झुडपाखाली पत्र्याचं एक झाकण होतं. शालिकरामनं ते उचललं. आत लोखंडी नळी, भोवती कोळसा आणि मीठ कधीकाळी भरलेलं. आता सगळं भाकरी करपावी तसं कोरडं. काळ्या मातीला हात आत जाईल एवढाल्या भेगा.

"ही ओली पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "माती कोरडी तर करंटला जमीन बंद. एवढे वर्षं ही ओली कशी राहिली काय माहीत."

शालिकराम नळाकडे बघत होता. मग दत्तोपंतांकडे. मग पुन्हा नळाकडे. "सर," तो जपून म्हणाला, "हा नळ गळत होता न जी. रात्रंदिवस टपटप, टपटप. मागच्या साली तुम्हीच अर्ज देला, पाणी वाया जाते म्हणून. मंग प्लंबरनं नवीन तोटी बसवली."

गजभिये मॅडम आधी हसल्या नाहीत. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. दत्तोपंत त्या कोरड्या ठणठणीत तोटीकडे बघत राहिले, आणि त्यांच्या आतून, कुठून कोण जाणे, एक हसू उसळून आलं. असं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आपल्या हातानं आपण गळती थांबवली, आणि ती गळतीच सगळ्या कॉलेजाचा भार पोटात घेत होती. कीर्तनात असा दृष्टांत बुवांनी दिला असता तर लोक म्हणाले असते, बुवा, हे तुम्ही रचलेलं दिसतं.

पण हसण्यानं माती ओली होत नाही. शनिवारी सकाळी शालिकरामनं तीन बादल्या ओतल्या, मीठ घातलं. काटा बसला. मॅडम घरी गेल्या. दुपारी काटा पुन्हा निम्म्यावर उठून बसला. आणखी बादल्या. पाणी भेगांतून असं खाली जाई की जमिनीनं ते प्यायलंच नाही, नुसतं वाटेला लावलं. नवा खड्डा खणायचा तर आठवडा हवा आणि मंजुरी हवी. "सोमवारी सचिव येतील तेव्हा मी मागून बादल्या ओतत राहतो," शालिकराम म्हणाला. "आणि मंगळवारी?" दत्तोपंतांनी विचारलं. शालिकराम रिकामी बादली उचलून पुन्हा नळाकडे गेला.

"तुमचं तोंड त्या कॉम्प्युटरासारखं झालंय," संध्याकाळी सुमतीबाई म्हणाल्या. "बटण दाबल्याशिवाय काही उमटत नाही. चला, महादेवाच्या देवळात कीर्तन आहे. अमरावतीचे बुवा आहेत. उठा." दत्तोपंत उठले. कीर्तनाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. ताप असला तरी ते जात आणि ताप तिथं विसरून येत. देवळाचा सभामंडप भरला होता. ते नेहमीप्रमाणं पहिल्या रांगेत, खांबाला टेकून बसले. पेटीवाल्यानं सूर धरला. तबल्यावर हातोडी पडत होती, ठक ठक, ठक ठक, आणि दत्तोपंतांच्या खांद्यांतलं काहीतरी एकेक पेच सैल होत चाललं. एक कार्यकर्ता माइकचा दांडा ओढत घेऊन आला आणि बुवांच्या अगदी तोंडापुढं उभा करून गेला. बुवांनी नमनाला हात जोडण्याआधी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याचा शेव उजव्या हाताला दोन वेढे गुंडाळला, आणि त्या गुंडाळलेल्या हातानं दांडा वीतभर लांब सरकवला. मग उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं. सगळं इतकं सहज, की कुणाचं लक्षही गेलं नाही.

दत्तोपंतांचं गेलं. ते तसेच बसले होते, पण पाठ खांबापासून सुटली होती. हे त्यांनी पाहिलं होतं. अगदी हेच. रामनवमीच्या मांडवात, खाली पडलेल्या चिपळ्या उचलून बाबा पुढं आले होते. त्यांनी उघड्या हातानं माइकचा दांडा धरला होता, आणि त्यांचा हात थरथरून मागं आला होता. तो थरथरला हे दत्तूनं पाहिलं होतं आणि इतकी वर्षं त्याला तो राग वाटत आला होता. पोरानं नाक कापलं म्हणून बाबांचा हात रागानं थरथरला. मग बाबांनी रेशमी उपरण्याचा शेव हाताला गुंडाळला होता आणि दांडा बाजूला सारला होता. ते सोवळं असेल, पोराचा विटाळ झाला असेल, असंही वाटून गेलेलं. आणि मग बाबांनी दत्तूचा तुटलेला सूर जिथं तुटला होता तिथूनच उचलला, कारण रामजन्म बाराला व्हायचा होता आणि राम काही माइकसाठी थांबणार नव्हता. बाबांनाही झटका बसला होता. देवानं नको म्हटलं असेल तर दोघांनाही म्हटलं होतं, आणि बाबांनी ते ऐकलं, उपरणं गुंडाळलं आणि कीर्तन केलं. त्या संध्याकाळी विहिरीवर पाय धुताना बाबांनी विचारलं होतं, "पुन्हा उभा राहशील?" दत्तूनं मान हलवली, नाही. बाबा म्हणाले, "बरं." ते 'बरं' दत्तोपंतांच्या कानात निकालासारखं राहिलं होतं. तू नापास, असं. आता समोर बुवा नमन आळवत होते आणि दत्तोपंतांना त्या एका शब्दाचा सूर आठवेना. नुसती अक्षरं आठवत होती. कसं म्हणाले होते बाबा? जड आवाजात, की भाजलेल्या लेकराला पुन्हा चुलीपाशी ये म्हणू नये तसं, हळू?

नजर लावायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी गाभाऱ्याकडे पाहिलं. वैशाख होता, म्हणून पिंडीवर गळती टांगली होती. तांब्याचं पात्र, तळाला बारीक भोक, भोकातून दर्भाची काडी, आणि काडीवरून थेंब. एक. मग एक. मग आणखी एक. कुणी ओतत नव्हतं, कुणी थांबवत नव्हतं. पिंडीखालचा दगड, त्याच्या बाजूचा दगड, पार उंबऱ्यापर्यंत सगळा गाभारा ओला गार. बुवा पूर्वरंग रंगवत होते, प्रसंग गंभीर होता, आणि पहिल्या रांगेतला एक पन्नाशी उलटलेला गृहस्थ तोंडावर हात धरून खुदुखुदु हसत होता. बायकांच्या बाजूनं सुमतीबाईंनी मान लांब करून पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

रविवारी शालिकरामनं घरचं मडकं आणलं. त्याच्या तळाला खिळ्यानं भोक पाडलं, त्यात सुमतीबाईंनी वळलेली कापसाची जाड वात बसवली. तीन बांबूंची तिवई बांधून मडकं अर्थिंगच्या नळीवर टांगलं आणि भरलं. थेंब पडला. कोरड्या मातीनं तो घेतला. दुसरा पडला, तोही घेतला. बादल्या वाटेला लावणारी ती जमीन थेंब मात्र एकेक करून ठेवून घेऊ लागली. दत्तोपंत मांडी घालून समोर बसले आणि बसूनच राहिले. गजभिये मॅडम स्कूटरवरून आल्या, उतरल्या, मडक्याकडे पाहिलं, दत्तोपंतांकडे पाहिलं.

"सर, विज्ञान बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त बेल वाहू नका म्हणजे झालं. मी घरी काय सांगू? बाबासाहेबांनी एवढं शिकवून मला पदार्थविज्ञानात पाठवलं, आणि मी कॉलेजात पिंड बसवून आली?"

"पिंड नाही हो मॅडम. गळती दुरुस्त केली होती, ती पुन्हा नादुरुस्त करतोय," दत्तोपंत म्हणाले, आणि इतकं लांब, इतकं सरळ, समोरच्याच्या डोळ्यांत बघून आपण बोललो याचं त्यांना नंतर नवल वाटलं. मॅडमनी वर्गणी म्हणून स्वतःची पाण्याची बाटली मडक्यात रिकामी केली.

सोमवारी दुपारी काटा झोपलेला होता, आणि दारावरची पाटी पुन्हा सुलटी केलेली होती. मडक्याखाली हातभर जागा ओली काळी झाली होती, आणि कुणीतरी, विचारलं तर कुणीच कबूल होईना, तिच्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं होतं. तीन वाजता गोपाळराव आले. मागं प्राचार्य, व्हरांड्यात पोरापोरींची दाटी. शालिकराम पाहुण्यांसाठी आणलेला झेंडूचा हार तबकात घेऊन कोपऱ्यात उभा. गोपाळरावांच्या पायांत जाड रबरी तळाचे बूट होते, आणि ते तसेच आत शिरू लागले. गजभिये मॅडमनी दत्तोपंतांकडे अर्थपूर्ण पाहिलं. असू द्या, असं त्या नजरेत होतं. त्या बुटांतून गोपाळरावांना आकाशातली वीजही कळली नसती. अर्थिंग असो की नसो, हात लावतील, काही होणार नाही, मशीन राहील. दत्तोपंतांना हे सगळं कळलं. त्यांना हेही कळलं की मंगळवारी देवकी अनवाणी येणार.

"गोपाळराव," ते म्हणाले, "बूट बाहेर."

"आँ?"

"पाटी आहे. आणि बूट घालून हात लावला तर तपासणी होत नाही. पोरं उघड्या पायांनी येतात."

गोपाळराव थांबले. संत्र्याच्या पेटीचा वास घ्यावा तसं त्यांनी दत्तोपंतांकडे पाहिलं. मग खाली बसून बूट काढले, मोजेही काढले. "चाला. पण आधी तुम्ही."

कूलर घुमत होता. फरशी ओली होती. दत्तोपंतांनी फूटपट्टी टेबलावर ठेवली. तेवढ्या अवकाशात त्यांना पुष्कळ काही आठवायला हवं होतं, पण आठवलं ते एकच, चिपळ्यांचं वजन. उजव्या हाताच्या तळव्यात नेमकं कुठं बसायचं ते. त्यांनी पूर्ण पंजा उघडून लोखंडावर ठेवला. लोखंड गार होतं. नुसतं गार. मुंग्या नाहीत, चव नाही, देवाचं हो नाही की नाही नाही. एक पेटी, एक हात. आणि मागच्या बाजूला, भिंतीपलीकडं, ऐकू येणं शक्य नसलेलं टप.

मग ते बोलू लागले. बोलायचं ठरलं नव्हतं. हात तसाच पेटीवर होता आणि तोंड फळ्याकडे नव्हतं, पोरांकडे होतं. त्यांनी आधी नमन केलं. ज्यांनी आपल्याला मोजायला शिकवलं त्यांना, शून्याला, एकाला. मग सांगितलं की या पेटीला दोनच गोष्टी कळतात, आहे आणि नाही, आणि एवढ्या दोन शब्दांवर ती सगळा संसार करते, आपल्याला मात्र दहा हजार शब्द मिळून समजुती चुकतात. पोरं हसली. त्यांनी गळक्या नळाची गोष्ट सांगितली, आपल्या अर्जासकट. पोरं आणखी हसली, प्राचार्यही हसले. आवाज कधी वर गेला, बोलण्यात लय कधी आली, दत्तोपंतांना कळलं नाही. व्हरांड्यातली पोरं खिडकीशी आली, देवकी दाराच्या चौकटीला टेकून वेणीचं टोक तोंडात धरून ऐकत होती. "भार सगळ्यांवर येतो," ते म्हणाले, "तो उतरवून घ्यायला खाली ओली जमीन लागते." आणि श्वास घ्यायला थांबले.

तो थांबा शालिकरामच्या ओळखीचा होता. गावच्या सप्त्यात त्यानं तो शेकडो वेळा ऐकला होता. पूर्वरंग संपला की बुवा असेच थांबतात, आणि तेव्हा काय करायचं हे हातांना पाठ असतं. तो तबक घेऊन पुढं आला, झेंडूचा हार उचलला आणि गोपाळरावांना ओलांडून सरळ दत्तोपंतांच्या गळ्यात घातला. वरून वाकून नमस्कारही केला. मग त्याला कळलं. "अरे बापा," तो पुटपुटला. प्राचार्यांनी डोळे मिटले. गोपाळराव एकदा रिकाम्या तबकाकडे, एकदा शालिकरामकडे पाहत राहिले, आणि त्यांचं पोट आधी हललं, हसू नंतर बाहेर आलं. "बरोबर हाय गा त्याचं," ते म्हणाले. "बुवाले सोडून यजमानाले हार कोण घालते?" आणि अनवाणी पुढं होऊन त्यांनी दोन्ही हात मशीनवर ठेवले, तव्यावर ठेवावे तसे आधी भीत, मग निवांत. "थंडी हाय. दोन्ही राहू द्या इथंच. एसीचं पुढं पाहू."

हार घातलेल्या बुवानं पुढं उत्तररंगाचं आख्यान लावायचं असतं. दत्तोपंत खुर्चीपासून बाजूला झाले. "देवकी, ये. उत्तररंग तुझा." ती चप्पल काढून आली, बसली, आणि फूटपट्टी बाजूला सारून बोटांनीच बटणं दाबू लागली. पडद्यावर हिरवी अक्षरं धावली.

जिन्यापाशी बूट चढवता चढवता गोपाळराव म्हणाले, "वझलवार सर, पुढल्या महिन्यात बाकीच्या कॉलेजांतले लोक बोलवून राहिलो, हे सारं दाखवाले. पुन्हा असेच उभे राहान का?"

गळ्यातला हार अजून काढायचा राहिला होता. झेंडूचा ओला वास नाकाशी येत होता. दत्तोपंतांनी तोंड उघडलं तर उत्तर आधीच तिथं होतं, वाट बघत बसलेलं.

"बरं," ते म्हणाले.

आणि तो सूर त्यांनी आपल्याच तोंडून ऐकला. विहिरीवर पाय धुताना, पाण्याचा तांब्या पोराच्या पायांवर धरत, बाबांनी म्हटलेला. त्यात निकाल कधी नव्हताच. किती हलका होता.